संयुक्त डुक्कर-निवारण आघाडीत वरपक्ष कोणता?

बारामती तालुक्यातलं हिवरतळ आणि इंदापूर तालुक्यातलं चिंचखडी या दोन गावांनी रानडुकरांविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हापासून मी आघाडीचा चिटणीस आहे. निवृत्त मुख्याध्यापक गावात दोनच कामांना उपयोगी पडतो, आभारप्रदर्शनाला आणि इतिवृत्ताला. त्यामुळे पुढील हकीकत अधिकृत समजावी. याव्यतिरिक्त जे काही आपल्या कानावर येईल, ते टपरीवरचं आहे.

दोन गावांच्या मधून एक ओढा जातो. अलीकडचा काठ बारामतीचा, पलीकडचा इंदापूरचा. ओढ्यात वेड्या बाभळीचं रान माजलेलं आहे आणि त्या रानात डुकरं राहतात. डुकरांना तालुका नसतो. अलीकडून हुसकलं की ती पलीकडे जातात, पलीकडून हुसकलं की अलीकडे येतात. आजवर दोन्ही गावांचं डुक्करविषयक धोरण एवढंच होतं की आपल्याकडची डुकरं शेजाऱ्याच्या रानात घालायची आणि सकाळी शेजाऱ्याला भेटून हळहळायचं. हे धोरण दोन पिढ्या उत्तम चाललं होतं.

मग वनरक्षक वृषाली मॅडम आल्या. डुकरांना मारणं गुन्हा आहे, हाकलणं गुन्हा नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. दोन्ही काठांवर माणसं उभी करायची, हलग्या आणि डबे वाजवत एकाच वेळी हाका घालायचा, म्हणजे डुकरं ओढ्याच्या तोंडातून वनखात्याच्या माळावर निघून जातील. ‘एकाच वेळी’ हे शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारले, की मी ते इतिवृत्तात एकदाच लिहिले.

या कामाची खरी घाई होती ती चंद्राबाईंना. त्यांचं दीड एकर रान अगदी ओढ्याला लागून, हिवरतळच्या काठावर. नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, त्यामुळे शेत त्याच बघतात. यंदा सासऱ्यांशी वाद घालून त्यांनी उसाऐवजी गोड मका केला होता. कणसं भरत आली होती आणि कणसांचे केस तांबडे झाले की जळोचीच्या बाजारातला व्यापारी गाडी पाठवणार होता. डुक्कर मक्यात शिरलं की खातं थोडं आणि लोळून आडवं करतं फार. मका गेला असता तर पीक तर गेलंच असतं, वर ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे सासऱ्यांच्या तोंडून जन्मभर ऐकावं लागलं असतं. डुकरांपेक्षा चंद्राबाई या दुसऱ्या गोष्टीला जास्त भीत होत्या, असं माझं मत आहे.

मैत्रीकराराचा मसुदा मी केला. टीव्हीवर हल्ली रोज कुठल्या ना कुठल्या मित्रराष्ट्रांची बैठक चालू असते, त्यामुळे भाषा आयती मिळाली. कलम पहिलं असं होतं की एका गावावरचा हल्ला हा दोन्ही गावांवरचा हल्ला मानण्यात येईल. हिवरतळचे पुढारी सावळाराम आबा आणि चिंचखडीचे पुढारी गोकुळ तात्या यांनी ते ऐकून एकदमच मान डोलावली. सोमवारी हाका घालायचा ठरला. चंद्राबाई बाकीच्या बायकांबरोबर दाराशी उभ्या होत्या. ‘सोमवार’ ऐकून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला टेबलापर्यंत ऐकू आला.

मग मी मसुद्याचं शीर्षक वाचलं. ‘हिवरतळ-चिंचखडी संयुक्त डुक्कर-निवारण आघाडी.’

गोकुळ तात्यांनी शांतपणे विचारलं, हिवरतळ आधी का? मी म्हटलं, कुणीतरी आधी येणारच. तात्या म्हणाले, तेच विचारतोय, आम्हीच नंतर का? सावळाराम आबांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की बारामतीचं नाव सगळीकडं आधीच येतं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. यावर तात्यांनी उपरणं झटकलं आणि ते उठले. त्यांच्यामागं सगळं चिंचखडी उठलं. चहा तयार होता, तो कुणी घेतला नाही. चहा न घेता उठणं ही आमच्या भागात राजदूत परत बोलावण्याची रीत आहे.

युद्ध सुरू होण्याआधीच मित्र रुसला होता. अशा वेळी आमच्याकडं एकाच माणसाला बोलावतात, सोपानरावांना. पंचक्रोशीतल्या कुठल्याही लग्नात पाव्हणे रुसले की त्यांना न्यायला गाडी जाते. कऱ्हाटीच्या एका लग्नात नवरदेवाचा चुलता भाजीत मीठ कमी म्हणून रुसून उसात जाऊन बसला होता. सोपानरावांनी त्याला बाहेर काढलं आणि वरून त्याच भाजीची स्तुती करायला लावली. एवढा अनुभव मोठमोठ्या देशांच्या परराष्ट्र खात्यातही नसेल.

सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं.

“मास्तर, भांडान नावाचं न्हाय. तुमी वरपक्ष कोन आन् वधूपक्ष कोन ह्येच ठरवलं न्हाय. मग रुसायचा हक्क कुनाचा, ह्ये मानसाला कळावं कसं?”

मी म्हटलं की ही युती आहे, लग्न नव्हे.

“दोन घरं येका पंगतीला बसली का लगीनच म्हनायचं,” सोपानराव म्हणाले. “येकानं रुसायचं, दुसऱ्यानं काढायचं. दोघंबी रुसाया लागल्याव कोन कुनाला काढनार?”

मुद्दा बिनतोड होता. कलम दुसरं म्हणून तो करारात घालण्यात आला. वरपक्षाचे पाय धुतले जातील, वरपक्षाला खुर्ची आणि वधूपक्षाला सतरंजी मिळेल, वरपक्षाला दिवसातून एकदा रुसता येईल आणि वधूपक्षाने त्याची समजूत काढेपर्यंत कोणतीही लष्करी कारवाई होणार नाही. सोमवारचा हाका वरपक्षनिश्चितीपर्यंत पुढे ढकलण्यात आला.

वरपक्ष व्हायला अर्थात दोन्ही गावं तयार होती. चिंचखडीनं युक्तिवाद केला तो असा. जिकडून वऱ्हाड येतं तो वरपक्ष. डुकरं चिंचखडीकडून ओढा उतरून हिवरतळला येतात. सबब वऱ्हाड चिंचखडीचं. हे ऐकून हिवरतळची मंडळी चपापली. आदल्या आठवड्यापर्यंत दोन्ही गावं ‘डुकरं आमची न्हाईत’ असं छातीठोकपणे सांगत होती. आता सावळाराम आबांनी उभं राहून जाहीर केलं की डुकरं मूळची हिवरतळचीच आहेत, आपल्या आज्याच्या काळापासून आहेत, आणि ती चिंचखडीला नुसती फिरायला जातात. चिंचखडीनं पुरावा म्हणून चिखलातले खूर दाखवले. हिवरतळनं पिल्लं दाखवली. त्यांच्या काठाला व्याली म्हणजे माहेर तिकडचं, असं चिंचखडीनं म्हटल्यावर हिवरतळनं पिल्लं मागं घेतली.

नेमक्या त्याच दिवशी वृषाली मॅडम पंचनाम्याला आल्या होत्या. चंद्राबाईंच्या मक्याच्या कडेच्या काही ओळी डुकरांनी आडव्या केल्या होत्या आणि त्याची भरपाई वनखात्याकडून मिळणं शक्य होतं. मॅडमनी दोन्ही गावांचा वाद शेवटपर्यंत ऐकला.

“डुकरं वन्यप्राणी असतील तर मी पंचनामा करते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मालकीची असतील तर नाही करता येणार. काय लिहू?”

चंद्राबाई कासावीस होऊन आबांकडं बघत होत्या. आबा तात्यांकडं बघत होते. तात्या म्हणाले, आधी हिवरतळनं मालकी सोडावी. आबा म्हणाले, चिंचखडीनं आधी सोडली तर विचार करू. मालकी कुणीच सोडली नाही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि मोटरसायकल चालू केली. पंचनामा झाला नाही, पण दोन्ही गावांची डुकरांबद्दलची आपुलकी प्रथमच सरकारदरबारी पोचली.

शेवटी सोपानरावांनीच तोड काढली. विषम तारखेला हिवरतळ वरपक्ष, सम तारखेला चिंचखडी. यामुळे दोन्ही गावांत चैतन्य पसरलं. रोज एका काठावरून दुसऱ्या काठावर वऱ्हाड येई, पाय धुतले जात, टॉवेल-टोपी होई, आबा आणि तात्या व्याहीभेट म्हणून एकमेकांना उचलून धरण्याचा प्रयत्न करत. सांगवीचा बँड ठरवण्यात आला. हाक्यासाठी आणलेल्या हलग्या, फटाके आणि बॅटऱ्या शाळेच्या वर्गात रुखवत म्हणून मांडण्यात आल्या. चिंचखडीच्या बायकांनी सुतळी बॉम्बचं तुळशीवृंदावन केलं होतं, ते विशेष उल्लेखनीय आहे. त्यातला एखादा बॉम्ब राखणीला मिळेल का, असं चंद्राबाईंनी विचारून पाहिलं. रुखवताला हात लावायचा नसतो, असं त्यांना सांगण्यात आलं.

हाका आता पहिल्या तारखेला ठरला होता. पण महिना एकतीस दिवसांचा निघाला.

इथं वाचकांनी जरा लक्ष द्यावं, कारण हा या संपूर्ण युद्धातला सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न आहे. एकतीस विषम, आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषमच. म्हणजे हिवरतळला लागोपाठ दोन दिवस वरपक्षपण मिळत होतं. चिंचखडीचं म्हणणं, हा उघड डाव आहे आणि एक तारीख आम्हाला मिळाली पाहिजे. हिवरतळचं म्हणणं, करार दोघांनी वाचून सही केलेला आहे आणि कॅलेंडर काही आम्ही छापलेलं नाही. चिंचखडीचं म्हणणं, मग फेब्रुवारीत तरी समतोल साधा. हिवरतळचं म्हणणं, अठ्ठावीसनंतर पुन्हा एक येते, त्यात तुमचं काही जात नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. चिंचखडी रुसली. पण त्या दिवशी ती वधूपक्ष असल्यामुळे तिला रुसण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून हिवरतळनं तो रुसवा बेकायदेशीर ठरवला आणि या बेकायदेशीर रुसव्यावर रीतसर रुसवा नोंदवला. सोपानराव दोन दिवस ओढ्यातून जा-ये करत होते, त्यात एक तारीखही हाक्याविना निघून गेली. अखेर चिंचखडीचा रुसवा पूर्वलक्षी प्रभावाने नियमित करण्यात आला.

या मुदतीत कणसांचे केस तांबडे झाले. गोड मका वेळेवर काढला नाही तर निबर होतो आणि मग त्याला व्यापारी विचारत नाही. जळोचीची गाडी शुक्रवारी येणार होती. बुधवारी संध्याकाळी डुकरं मक्यात शिरली. चंद्राबाई एकट्याच राखणीला होत्या. हलग्या रुखवतात होत्या आणि फौजा व्याहीभेटीत होत्या. त्यांनी घमेलं उलटं केलं, त्यावर विळ्यानं दणादणा बडवायला सुरुवात केली आणि आवाज बसेपर्यंत त्या ओरडल्या. डुकरं घाबरली, मक्यातून बाहेर पडली आणि ओढा ओलांडून चिंचखडीत गोकुळ तात्यांच्या भुईमुगात गेली.

त्या दिवशी सम तारीख होती. म्हणजे चिंचखडी वरपक्ष होती. वरपक्षाच्या रानात पूर्वसूचना न देता, वाजतगाजत, डुकरं पाठवण्यात आली होती.

असा प्रसंग आघाडीच्या इतिहासात घडला नव्हता. चिंचखडी पूर्ण गावानिशी रुसली. तात्या तर घरातल्या माणसांशीही बोलेनात. त्याच रात्री सावळाराम आबांनी चंद्राबाईंना बैठकीत बोलावून घेतलं आणि एकतर्फी लढाईबद्दल जाब विचारला. आघाडीनं निर्णय घेण्याआधी डुकरं हाकलण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असा तो प्रश्न होता.

“मका माजा हुता, आबा,” चंद्राबाई म्हणाल्या. त्यांचा घसा बसलेला होता.

“मका तुजा आसंल, बाई. पर लढाई समद्यांची हाय,” आबा म्हणाले.

सोपानरावांनी उपाय सुचवला. रुसवा मोठा असेल तर जेवण घालावं लागतं, आणि ज्याच्याकडून चूक झाली त्याच्या घरचं घालावं लागतं. आता या दिवसांत चंद्राबाईंच्या घरी घालण्यासारखं काय आहे, यावर सर्वांनी विचार केला. विचार फार वेळ करावा लागला नाही.

चंद्राबाईंनी बोटांवर मक्याच्या ओळी मोजल्या. मग त्यांनी पदर खोचला.

“कडेच्या धा-बारा वळींचा मका देते. पर त्याच सांजंला हाका घालायचा. दोनी काठानी. येकाच येळी. बाकीचा मका शुक्रवारच्या गाडीत गेला पायजे.”

“शब्द हाय आमचा,” आबा म्हणाले. “आमचाबी,” असा तात्यांनी निरोप पाठवला. आघाडीचा हा पहिला एकमुखी ठराव मी लाल शाईनं लिहून घेतला. चंद्राबाईंनी माझे आभार मानले, ते मी स्वीकारले.

गुरुवारी चुली मांडल्या. कडेच्या ओळींची कणसं तोडली, भाजली, मीठ-लिंबू लावून आधी वरपक्षाला वाढली. त्या दिवशी वरपक्ष हिवरतळ. चिंचखडीच्या ध्यानात आलं की ज्यांच्यासाठी जेवण आहे ते रुसलेले आपण, आणि पहिली टोपली गेली तिकडं. तेव्हा समतोलासाठी चिंचखडीला दोन टोपल्या वाढण्यात आल्या. दोन कशा, असं हिवरतळनं विचारलं. हिवरतळला अजून दोन गेल्या. चिंचखडीनं मोजलं तर हिवरतळच्या तीन झाल्या होत्या. कडेच्या ओळी संपल्या, मग पुढच्या घेतल्या. पोट कुणाचंच रिकामं नव्हतं, पण प्रश्न पोटाचा नव्हता. दुपारनंतर कणसं खाणारे कमी झाले, तेव्हा ती पिशव्यांतून घरी पाठवली जाऊ लागली, आणि पिशव्यांच्या आकारावरून दोन छोटे रुसवे झाले. मी स्वतः पिशवी नको म्हटलं, पण चिटणिसानं नाकारल्यास त्याचा अर्थ निघेल, असं दोन्हीकडून म्हणणं पडलं.

चंद्राबाई आधी टोपल्या अडवत होत्या. मग त्या आबांकडं गेल्या, तात्यांकडं गेल्या. दोघांनीही प्रेमानं सांगितलं की आता थांबलं तर युती तुटेल, आणि युती तुटली तर तुमचा मका वाचवणार कोण? त्या बांधावर जाऊन बसल्या. त्यांचे सासरे शेजारी येऊन बसले, आणि नवल असं की ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे त्यांनी म्हटलं नाही. उरलेली धाटं कापून दोन्ही गावांच्या जनावरांना समसमान आहेर म्हणून देण्यात आली. जनावरं कुठंही रुसल्याची नोंद नाही.

शब्द मात्र पाळला गेला. दिवेलागणीला दोन्ही काठांवर दोन्ही गावं उभी राहिली. रुखवत मोडलं, हलग्या घुमल्या, तुळशीवृंदावन फुटलं. एकाच वेळी, अगदी वृषाली मॅडमना हवं होतं तसं. असा शिस्तबद्ध हाका या जिल्ह्यात कुणी पाहिला नसेल. वेड्या बाभळीतून एक ससा निघाला. डुक्कर एकही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी येऊन खुरांचे माग पाहिले आणि सांगितलं की डुकरं गुरुवारी दुपारीच माळाकडं गेलेली दिसतात. तात्यांचा भुईमूग त्यांनी रात्रीतच उकरून संपवला होता आणि इथं त्यांना खाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणजे शत्रूची रसद तोडून त्याला माघार घ्यायला लावली होती. आघाडीनं युद्ध जिंकल्याचं जाहीर केलं. जळोचीची गाडी आली होती, ती विजयी मिरवणुकीला वापरण्यात आली. मिरवणुकीच्या फलकावर कुणाचं नाव आधी, यावरून वाद नको म्हणून फलक गोल करण्यात आला.

ज्यांच्या रानाची मुक्तता झाली, त्या चंद्राबाईंचा संयुक्त सत्कार ठेवला होता. एक नारळ आबांनी दिला, एक तात्यांनी, एकाच वेळी. दोन शब्द बोला असा आग्रह झाला, तेव्हा त्या दोन नारळ हातात घेऊन उभ्या राहिल्या.

“डुकरं परवडली,” त्या म्हणाल्या. “ती निस्ती खायाची. वाढा म्हनून बसायची न्हाईत.”

सत्कारमूर्तींनी भावना व्यक्त केल्या, असं मी इतिवृत्तात लिहिलं आहे.

हे वाचून आपल्याला चंद्राबाईंबद्दल वाईट वाटत असेल. वाटू द्यावं, आघाडीची हरकत नाही. पण एक खरं सांगा. ते एकतीस तारखेचं प्रकरण वाचताना ‘हिवरतळनं जरा समजून घ्यायला हवं होतं’ किंवा ‘चिंचखडीवाले उगीच ताणतात’ असं काहीतरी आपण मनाशी ठरवलंत ना? बोटांवर तारखाही मोजून पाहिल्या असतील.

मका तेव्हा उभा होता.